रेंड्सबुर्गचा पूल: वरून रेल्वे, खालून लटकती फेरी, मधून जहाजं (कुणी गेलंय का?)

आळूवडी:
गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिने आमच्याकडे हॅम्बुर्गला होते. पहिल्या दोन आठवड्यांत मिनियेचर म्युझियम, बंदर, ते लाल विटांचं गोदामांचं शहर, सगळं उरकलं आणि मग रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, आज कुठे? बाबा रेल्वेतून रिटायर, म्हणजे लोखंड दिसलं की खूश. आई गुहागरकडची, तिला पाणी लागतं. दोघांचं एका ठिकाणी भागेल असं काय आहे म्हणून शोधताना नवऱ्याने रेंड्सबुर्ग काढलं. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र जोडणारा जो कील कालवा आहे त्याच्यावर हा रेल्वेचा उंच पूल आहे, १९१३ चा. आणि पुलाखाली एक फेरी आहे जी पाण्यावर चालत नाही, पुलाला लोखंडी दोरांनी टांगलेली आहे आणि हवेतून कालवा पार करते. मी हे वाचून म्हटलं थापा मारतायत.

आईचं ऐकून झाल्यावर पहिलं वाक्य, "पूल काय बघायचा त्यात? आपल्याकडे काय कमी आहेत?" तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली म्हणजे यायचं होतंच.

आता आमची फजिती ऐका. हॅम्बुर्गहून जी रीजनल ट्रेन जाते ती नॉयम्युन्स्टरला तुटते. म्हणजे खरोखर मधून सोडवतात, अर्धी गाडी कीलला जाते, अर्धी रेंड्सबुर्गवरून फ्लेन्सबुर्गला. डब्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं, अनाउन्समेंटही होते, पण आम्ही चौघं दशम्या कोणत्या पिशवीत आहेत यावर भांडत होतो. बाबांनी खिडकीतून बघितलं आणि एकदम शांतपणे म्हणाले, "गाडी तोडली रे यांनी. आपण कुठल्या तुकड्यात आहोत?" आम्ही कीलच्या तुकड्यात होतो. पण गंमत अशी की कीलहूनही रेंड्सबुर्गला गाडी आहे आणि ती दक्षिणेच्या बाजूनेच मुख्य लाइनला मिळते, म्हणजे चुकलो तरी पूल लागलाच.

पुलाचा अनुभव सांगते. सपाट प्रदेश आहे हो सगळा, गायी, पवनचक्क्या, मक्याची शेतं, आणि गाडी हळूहळू वर चढायला लागते पण डोंगर कुठेच नाही. घरांची छपरं खाली जातात, मग झाडांचे शेंडे खाली जातात, आणि एकदम खाली कालवा, त्यात खेळण्यातलं असावं तसं जहाज. चाळीसएक मीटर उंचीवरून. मग पूल संपला म्हणून मी मोबाइल खाली ठेवला तर बाबांनी माझा हात धरला, बघ बघ. गाडी डावी-उजवी न जाता गोलच वळत राहिली, वळत राहिली, आणि ज्या पुलावरून आत्ता आलो तोच पूल खिडकीत समोर उभा! गावाभोवती पूर्ण एक फेरा मारून, स्वतःच्याच लाइनखालून जाऊन मग स्टेशन. त्या फेऱ्याच्या आतमध्ये लोकांची घरं आहेत, बागा आहेत, कपडे वाळत घातलेत.

स्टेशनवरून चालत कालव्यावर गेलो, वीसएक मिनिटं लागली आईच्या चालीने. आणि तिथे ती लटकती फेरी. पुढचं जेवण झाल्यावर लिहिते, भाजी लागतेय.

कॉफीकट्टा:
भाजी लागू दे गं, पूर्ण कर आधी.

शंकासुर:
पूल बघायला दोन-अडीच तास (चुकून कील धरून तीन) घालवायचे हे मला अजून पटत नाहीये. पण लिहा.

आळूवडी:
लागलीच भाजी. असो.

तर फेरी म्हणजे काय, एक मोठा गोंडोला समजा, चौदा मीटर लांब, चार गाड्या आणि काही माणसं-सायकली मावतील असा. वर पुलाच्या पोटाखाली रूळ आहेत, त्यावर एक गाडा धावतो, त्या गाड्याला हा गोंडोला तारांनी टांगलाय. विजेवर चालतो, दर पंधरा मिनिटांनी. पाण्याला टेकत नाही, थोडाच वर असतो. आम्ही पोचलो तेव्हा पलीकडून येत होता, आवाज जवळजवळ नाहीच, आणि किनाऱ्याला असा येऊन लागला की चहा सांडणार नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही आपली दाभोळची जंगलजेटीच की. फक्त वरून टांगलेली."

बाबांनी सुट्टे युरो काढून हातात धरलेले. त्या चालवणाऱ्या माणसाने मान हलवली. बाबांना वाटलं सुट्टे कमी पडले, अजून दोन काढले. तो हसायला लागला. फुकट आहे! कालव्यावरच्या सगळ्याच फेऱ्या फुकट आहेत. पलीकडे ओस्टररोनफेल्ड नावाचं गाव आहे, तिथे उतरलो, करायला काही नव्हतं, आई म्हणाली फुकट आहे ना, मग चला परत. असं करत आम्ही एकूण पाच खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला आम्ही बरोबर मध्यावर असताना वरून मालगाडी गेली. सगळा पूल गुणगुणल्यासारखा वाजला आणि ते पायातून जाणवलं, कानातून कमी. बाबांनी कठड्यावर हात ठेवला आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत काढला नाही. चौऱ्याऐंशी डबे मोजले म्हणतात, मी शपथ घेणार नाही.

प्रश्न एकच राहिला. पुलाखाली एक जागा आहे जिथे मोठ्या जहाजांना झेंडा खाली-वर करून सलामी देतात आणि जहाज ज्या देशाचं त्या देशाचं राष्ट्रगीत वाजवतात. आम्ही तासभर बसलो. एक शिडाची होडी आली, दोन म्हातारी माणसं सॅंडविच खात होती, त्यांना कोण सलामी देणार. मग आईला बाथरूमला जायचं होतं म्हणून सगळे गेलो आणि आतमध्ये असताना बाहेर बँड वाजल्याचा आवाज आला. धावत आलो तर जहाजाची पाठ. नावसुद्धा वाचता आलं नाही. कुणी ऐकलंय का ते?

नांगरटाका:
मी ऐकलंय, पण वरून. :-) म्हणजे जहाजावरून. डेक साइडला आहे, कील कालव्यातून किती वेळा गेलो मोजलेलं नाही. धाग्याचं नाव बघून राहवलं नाही म्हणून कितीतरी महिन्यांनी लॉगिन केलंय.

आधी तुमच्या राष्ट्रगीताचं. ते जहाजाच्या झेंड्याप्रमाणे वाजतं, माणसांप्रमाणे नाही. आता धंद्यात असं आहे की मालक जर्मन किंवा ग्रीक, खलाशी अर्धे फिलिपिनो अर्धे आपले, आणि झेंडा लायबेरियाचा नाहीतर अँटिग्वाचा नाहीतर मार्शल आयलंड्सचा, कारण तिथे नोंदणी स्वस्त आणि सोयीची. त्यामुळे ब्रिजवर (म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत) आम्ही तीन मराठी माणसं ताठ उभी आणि खालून लायबेरियाचं राष्ट्रगीत चाललंय असं झालंय. पहिल्या वेळी मला कळेचना कुणाचं आहे. कॅप्टन म्हणाला, आपलंच आहे, उभा राहा नीट.

बाकी जहाजावरून हा कालवा म्हणजे विचित्र प्रकार आहे. ब्रुन्सब्युटेलला एल्ब नदीतून लॉकमध्ये (पाण्याची पातळी जुळवायचं दरवाजांचं कुंड) शिरायचं, दरवाजे बंद होतात, पातळी थोडी वरखाली होते, की मग सरळ ९८ किलोमीटर कील-होल्टेनाउपर्यंत मध्ये एकही लॉक नाही. पनामासारखं चढणं-उतरणं नाही. ताशी १५ किमीच्या वर जायचं नाही कारण लाटा काठ खातात. सात-आठ तास जातात, मध्ये थांबावं लागलं तर जास्त. मोठ्या जहाजावर पायलट (वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) तर येतोच, शिवाय कालव्याचे स्वतःचे सुकाणूवाले येतात, आमच्या माणसाला चाकाला हात लावू देत नाहीत. खरं सांगू का, ते बघणं हेच एक शिक्षण आहे. जहाज काठाच्या जवळ गेलं की पाणी मागचा भाग काठाकडे ओढतं आणि पुढचा भाग उलट्या दिशेला ढकलतं. हे लोक ते आधीच ओळखतात, चाक किंचित फिरवतात, पुन्हा सरळ, आणि कॉफी पितात.

दोन मोठी जहाजं समोरासमोर पास होऊ शकत नाहीत सगळीकडे. त्यासाठी मध्येमध्ये रुंद केलेल्या जागा आहेत, तिथे सिग्नलचे दिवे असतात, लाल पडला की थांबायचं. आळूवडींच्या बाबांना सांगा, सिंगल लाइनवर क्रॉसिंग स्टेशन असतं तसंच आहे, फक्त ब्रेक नाही आपल्याकडे.

आणि बाहेर काय दिसतं तर शेतं. ब्रिजवर उभं राहून तुम्ही गाय बघताय आणि गाय तुम्हाला बघतेय. पंधरा दिवस नुसतं पाणी बघून आल्यावर ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो ना, तो जो काही असतो. सायकलवाले आपल्या वेगाने बाजूने चालवतात आणि हात करतात. रात्री दोन्ही काठांवर दिव्यांच्या रांगा आहेत पूर्ण लांबीभर, ते अगदी गावातल्या रस्त्यावरून चालल्यासारखं वाटतं.

आणि हा तुमचा पूल. लांबून बारीक जाळी दिसते, मग जवळ येते, आणि आपला मास्ट त्याला लागणार असंच वाटतं, दर वेळी. आकडे माहीत असतात, गणित आधी झालेलं असतं, खाली उतरवायचा अँटेना उतरवलेला असतो, तरी मान वर जातेच. पुलाखाली ४२ मीटर मोकळे आहेत आणि जहाजाला ४० पर्यंत परवानगी. दोन मीटर म्हणजे तुमच्या घरातल्या दरवाज्याएवढं.

लटकत्या फेरीबद्दल मात्र आम्हा लोकांना प्रेम कमी. ती मध्ये आली की कसंतरीच होतं. तिने जहाजाला वाट द्यायची असा नियम आहे, पण २०१६ च्या जानेवारीत एका मालवाहू जहाजाची आणि तिची धडक झाली होती. तुम्ही बसलात ती नवी आहे.

आळूवडी:
बाप रे! आई पाच वेळा बसली त्यात, तिला सांगत नाही.

खरंच नवी आहे का? दिसायला तर जुन्यासारखी वाटली.

सिमेंटवाळू:
हो, नवी. मी किलोमीटरभर लांबवून सांगतो कारण माझा विषय आहे आणि इथे बोखुममध्ये मला कुणी विचारत नाही. जुना गोंडोला १९१३ पासूनचा होता, धडकेत इतका वाकडा झाला की दुरुस्ती परवडेना. पूल आणि फेरी दोन्ही मिळून संरक्षित स्मारक आहे म्हणून नवा तसाच बनवला, आतली यंत्रणा आधुनिक. पण सहा वर्षं गेली त्यात, मार्च २०२२ ला परत सुरू झाली. तोपर्यंत गावातले लोक बोगद्यातून नाहीतर नोबिसक्रुगच्या साध्या फेरीने जात होते.

अशा लटकत्या फेऱ्यांचे पूल एकेकाळी बरेच होते, आता जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. सगळ्यात जुना बिलबाओजवळचा, १८९३ चा. इंग्लंडमध्ये मिडल्सबरोला आहे, वेल्समध्ये न्यूपोर्टला. पण वरून खरी रेल्वेची मेन लाइन आणि खाली फेरी असं रेंड्सबुर्गलाच.

आता तो गोल फेरा का? यात मजा आहे. कालवा १८८७ ते १८९५ मध्ये खणला, मुख्य कारण लष्करी, आरमाराला डेन्मार्कला वळसा न घालता एका समुद्रातून दुसऱ्यात जाता यावं. व्यापारी जहाजांचेही अडीचशेच्या आसपास सागरी मैल वाचतात. सुरुवातीला इथे रेल्वेसाठी फिरते पूल होते, जहाज आलं की पूल बाजूला, गाड्या थांबून. मग युद्धनौका अवाढव्य झाल्या आणि १९०७ पासून कालवा रुंद आणि खोल करायला घेतला. फिरत्या पुलाचं गणित बसेना. मग उंच पूलच हवा आणि तोही मास्टच्या वर.

इथे पेच. जमीन पोळपाटासारखी सपाट आणि गावातलं स्टेशन कालव्याच्या अगदी जवळ. चाळीस मीटर वरून उतरायचं तर रेल्वेला कित्येक किलोमीटरचा उतार लागतो, म्हणजे गाडी गाव सोडून पार पुढे जाऊन जमिनीला टेकणार. स्टेशन हलवा म्हटलं तर गाव ऐकेना. फ्रीडरिश फॉस या इंजिनिअरने उतारच गुंडाळून टाकला. साडेचार किलोमीटरचा फेरा. दक्षिणेकडून लांब चढण, पूल, आणि उत्तरेला गोल उतरण, लोखंडी भाग एकटाच जवळपास अडीच किलोमीटर लांब आहे. कालव्यावरचा मुख्य गाळा (दोन खांबांमधलं अंतर) १४० मीटर. याच फॉसने पुढे होखडोनचा पूलही केला याच कालव्यावर.

रूळावरचा:
@सिमेंटवाळू मस्त समजावलंत. आपल्याकडे हाच प्रश्न बोरघाटात वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी टोकापर्यंत यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलटी वर. १९२९ ला नवीन मार्ग झाला आणि ते बंद पडलं, पण ट्रेक करणाऱ्यांना तो जुना कमानींचा पूल अजून दिसतो. जागा नाही आणि चढ आहे, की एक तर उलटा फिर नाहीतर गोल फिर.

आळूवडी:
बाबांना वाचून दाखवलं (फोन चालू होता). कर्जतला घाट चढायला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची, त्यांवर ते तीन वर्षं होते. म्हणाले, "त्यांनी सपाटीवर घाट बांधला." आणि मग पंधरा मिनिटं कर्जतबद्दल बोलले, ते इथे लिहीत नाही.

शंकासुर:
हे सगळं बरोबर आहे हो, पण मी पनामाचा पुएन्ते दे लास अमेरिकास बघितलाय. १९६२ चा, पॅसिफिकच्या तोंडाशी, दोन खंड जोडतो. त्याच्याखालून जी जहाजं जातात ती बघितली तर तुमचा कील म्हणजे कॅनॉलच्या पाटाचं पाणी. कंपनीने पाठवलेलं म्हणून गेलो होतो, फुकट.

नांगरटाका:
@शंकासुर आकाराने हो. कीलमधून २३५ मीटर लांब आणि ३२.५ मीटर रुंद याच्यावर काही जात नाही. पण जहाजांची संख्या मोजली तर हा जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या कालव्यांमध्ये येतो. आणि खरं सांगा, त्या पनामाच्या पुलाखाली तुम्ही उभे राहिलात का? की एसी गाडीतून वरून गेलात?

शंकासुर:
गाडीतून. ड्रायव्हर थांबला नाही, थांबायची जागाच नाही म्हणे.

नांगरटाका:
तेच. सुएझवरचा अल सलामचा पूलही तसाच, सत्तर मीटर उंच, बघायला भव्य, पण जवळ जाऊन बसायचं म्हटलं तर वाळवंट आणि पोलीस. मोठ्या कालव्यांवरचे पूल माणसांसाठी बांधलेलेच नाहीत, ट्रकसाठी बांधलेत. रेंड्सबुर्गला तुम्ही खाली बाकावर दशमी खाताय आणि जहाज तीस मीटरवरून जातंय. माझ्या कुकने एकदा काठावरच्या माणसाला विचारलं होतं काय खाताय म्हणून. ऐकू गेलं त्याला. आइस्क्रीम म्हणाला.

कॉफीकट्टा:
हाहा. बाक म्हणजे तो जगातला सर्वात लांब बाक तोच का? आम्ही सायकलने गेलेलो तेव्हा त्यावर बसलेलो. पावणेसहाशे मीटर आहे, ५७५.७५ असं नेमकं लिहिलेलं असतं. आता कुणीतरी याहून लांब केलाय म्हणतात पण ते सोडा. नवरा एका टोकाला बसला, मी दुसऱ्या टोकाला, फोन करून भांडलो, सर्वात शांततेचं भांडण झालं ते लग्नानंतरचं.

सायकलवाल्यांनी कालव्याच्या काठाने जरूर जावं. दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड आहे, गाड्या नाहीत, चढ नाहीत. फक्त वारा. वारा म्हणजे असा की जाताना तुम्ही स्वतःला फार फिट समजता आणि येताना अक्कल येते.

मिरचीठेचा:
एक शंका, सासू-सासरे दोघंही सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे. हे जमेल का? आणि शाकाहारी काय मिळतं? आम्ही कोलोनहून ड्राइव्ह करून येणार, ऑगस्ट.

आळूवडी:
@मिरचीठेचा जमेल. फेरीला पायरी नाही, सरळ गाडी चढते तशीच माणसं चढतात, व्हीलचेअरही दिसली. स्टेशनवरून चालणं नको असेल तर तुमची गाडी आहेच. वारा मात्र ऑगस्टमध्येही बोचतो, आईला मी मफलर बांधायला लावला तर ती म्हणाली उन्हाळा आहे ना तुमचा. वारा फार असला किंवा देखभालीचं काम असलं की फेरी बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याआधी सकाळी बघून घ्या. खाण्याचं, पोमेस (फ्रेंच फ्राइज), केक, कॉफी, एवढं धरून चला. दशम्या बांधा. आमच्या बाजूच्या बाकावरच्या जर्मन आजींनी चटणी चाखून बघितली आणि नंतर खूप वेळ पाणी पीत बसल्या, भाषा येत नसताना आईशी त्यांची दोस्ती झाली.

तिसरा पर्याय म्हणजे पादचारी बोगदा. तो मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित.

सिमेंटवाळू:
बोगदा लिहायचाच राहिला! १९६५ चा. कालव्याच्या खालून चालत जायचं. खाली उतरायला सरकते जिने आहेत पन्नास मीटरच्या वर लांब, त्यावर उभं राहिलं की खालचं टोक नाण्याएवढं दिसतं. लिफ्ट पण आहे, गुडघेवाल्यांनी लिफ्टच घ्यावी. शेजारी गाड्यांचा बोगदा १९६१ चा वेगळा. तो झाल्यावर रस्त्याचा फिरता पूल गेला.

म्हणजे एकाच गावात एकच कालवा तुम्ही वरून, मधून आणि खालून पार करू शकता, बहुतेक फुकटात. हायवेचा पूल अजून पूर्वेला वेगळाच, त्याच्या खांबांना म्हातारपण आलं म्हणून शेजारी नवीन बांधतायत, आणि शंभरी ओलांडलेला हा लोखंडी पूल रोज गाड्या अंगावर घेतोय. काँक्रीटवाला असूनही लिहितोय हे, नोंद घ्यावी.

मिरचीठेचा:
धन्यवाद सगळ्यांना. फेऱ्या फुकट का पण? जर्मन लोक फुकट काही देत नाहीत, पार्किंगला तर जीव काढतात.

रूळावरचा:
कैसरची (जर्मन सम्राटाची) कृपा म्हणून सांगतात, त्याने जाहीर केलं की प्रजेला कालव्याचा भुर्दंड नको.

शंकासुर:
कैसर एवढा प्रेमळ कधीपासून?

सिमेंटवाळू:
कृपा कसली. कालवा खणताना लोकांची शेतं, रस्ते, गावं मधोमध कापली. घर अलीकडे आणि शेत पलीकडे अशी गत. ज्याने रस्ता तोडला त्याने पलीकडे नेऊन सोडायचं, हा साधा हिशोब आहे. आजही राज्यकर्ते बदलले, कालव्याचं नाव बदललं (आधी कैसर विल्हेल्मचं होतं, १९४८ पासून नॉर्ड-ओस्टझे कानाल), पण फेऱ्या सरकारी खर्चाने चालू आहेत.

कोयनेकाठची:
हे वाचून थांबले जरा. आमचं अर्धं गाव धरणाच्या पाण्याखाली, उरलेलं अर्धं पलीकडच्या काठाला. लाँच होती, कधी असायची कधी नसायची. लग्नाला वऱ्हाड नेताना बिघडली होती एकदा, मुहूर्त टळला. शंभर-सव्वाशे वर्षं फुकट आणि दर पंधरा मिनिटांनी, हे मी दोनदा वाचलं.

विषयांतर झालं, माफी. चालू द्या.

आळूवडी:
माफी कसली गं. आईला तुझी पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणाली त्यांना विचार कुठलं गाव.

पनवेलपॅसेंजर:
एक माहिती देऊन पळतो. कुणी हॅम्बुर्ग ते कोपनहेगन ट्रेनने जात असाल तर तीही याच पुलावरून जाते. पूर्वी ती गाडी बोटीत चढायची पुटगार्डनला, ते २०१९ च्या डिसेंबरपासून बंद झालं आणि आता फ्लेन्सबुर्गवरून फिरून जाते. आम्ही गेल्या वर्षी गेलो तेव्हा मला काही माहीत नव्हतं, मुलीला झोपवत होतो, अचानक डब्यातल्या लोकांनी मोबाइल वर केले म्हणून बघितलं तर खाली जहाज. आणि मग तो गोल फेरा, मला वाटलं ड्रायव्हर काही विसरला म्हणून परत चाललाय. जाताना बसायचं तर अशी खिडकी घ्या जिथून आतली बाजू दिसेल.

रूळावरचा:
आतली बाजू म्हणजे फेऱ्याच्या आतली. गाडी कशी वळते त्यावर आहे, नेमकी कुठली ते मी नकाशा बघून सांगतो.

पनवेलपॅसेंजर:
मला नका विचारू, मी मुलीच्या बाजूला होतो.

मिरचीठेचा:
जाऊन आलो!! आज सकाळीच परतलो. सविस्तर नंतर, थोडक्यात सांगते. सासूबाईंनी फेरीत पाय ठेवायला नकार दिला, मग आळूवडींची आई पाच वेळा बसल्या सांगितल्यावर सहा वेळा बसल्या. बोगद्याच्या जिन्यावर सासरे वरून खाली बघून परत फिरले, लिफ्टने गेले. आणि राष्ट्रगीत मिळालं आम्हाला! कंटेनरवालं जहाज, लांबलचक, काठावरची सगळी माणसं उभी राहिली. कुणाचं गीत होतं ते कळलं नाही, भोंग्यावर बाई जर्मनमध्ये जहाजाचं नाव, लांबी सांगत होती. वरून दोघाजणांनी हात केला. सासूबाईंनी पदर सावरून केला परत. @नांगरटाका तुम्ही नव्हता ना?

नांगरटाका:
नाही हो, मी सुट्टीवर, अलिबागला. आंबे संपले, फणस चालू आहे.

आळूवडी:
@मिरचीठेचा आईला वाईट वाटलं. पाचवर थांबलो म्हणून.

@सिमेंटवाळू बाबांचा एक प्रश्न राहिलाय, रोज विचारतात. पुलाला रिव्हेट (लोखंडाचे भाग जोडणारे ठोकलेले खिळे) किती असतील? ते वेल्डिंग नाही, सगळं रिव्हेटचं काम आहे, असं त्यांनी तिथेच ओळखलं होतं. फेरीत बसून एका खांबाचे मोजायला सुरुवातही केली होती, पण पलीकडचा काठ आला.

सिमेंटवाळू:
बत्तीस लाखांच्या आसपास. स्टील जवळपास १७,७०० टन.

आळूवडी:
सांगितलं. दोन मिनिटं शांत. मग म्हणाले, "मोजले कुणी?"